बाबांना पीएम किसानच्या वसुलीचं पत्र आलंय, त्यांना कसं समजावू?

खाडीकाठची
नमस्कार मंडळी. माझं माहेर सिंधुदुर्गात, खाडीकाठचं गाव, मी स्वतः डोंबिवलीला असते. बाबा ७३ वर्षांचे, आधी मुंबईत खाजगी कंपनीत होते, रिटायर झाल्यावर गावी जाऊन वडिलोपार्जित आंब्याची कलमं बघतात. केंद्राच्या पीएम किसान योजनेचे दोन-दोन हजार त्यांना पहिल्यापासून येतात. आता परवा आईचा फोन, की तालुक्याहून पत्र आलंय आणि बाबा धड जेवत नाहीयेत. पत्र त्यांनी आधी कोणाला दाखवलंच नव्हतं, पंचांगात घालून ठेवलेलं, आईला झाडताना सापडलं.

आईने शेजारच्या मुलाकडून फोटो पाठवायला लावला. छापील मजकूर आहे, मध्ये रिकाम्या जागा आणि त्यात निळ्या पेनाने बाबांचं नाव, गाव, आणि रक्कम १६,००० लिहिलेली. मजकूर असा की आपण आयकरदाते असल्याने योजनेस अपात्र असूनही १२ ते १९ असे एकूण ८ हप्ते घेतले, सदर रक्कम १५ दिवसांत शासनास जमा करावी, न केल्यास जमीन महसुलाची थकबाकी समजून वसूल करण्यात येईल. बाबांनी एवढंच धरलंय की जमिनीवर बोजा चढणार आणि वाडीत सगळ्यांना कळणार. फोनवर मला म्हणाले, "माका सांग गो बाय, मी चोरी केलंय काय?" आणि पुढे बोललेच नाहीत.

ते म्हणतात उद्याच कॅनिंगच्या आंब्याचे पैसे येतील ते नेऊन भरतो. मला कळत नाहीये की बाबा आयकरदाते कधी झाले. शनिवारी गावी जातेय. काय काय बघू आणि मुख्य म्हणजे त्यांना कसं सांगू? कोणाकडे असं पत्र आलं असेल तर प्लीज लिहा.

तळकोकणातला
ताई आमच्या वाडीत पण दोघातिघांना आलंय असं पत्र, तुमचे बाबा एकटे नाहीत हे त्यांना आधी सांगा, त्यानेच अर्धा ताप उतरेल. माझ्या काकांना वाटलं पोलीस येणार. पोलिसांचा ह्यात काही संबंध नाही.

आणि एक अर्जंट, आत्ताच घरी फोन करून सांगा की कोणाचा फोन आला, "पीएम किसानमधून बोलतोय, वसुली थांबवतो, ओटीपी सांगा" तर सांगू नका. व्हॉट्सअपवर पीएम किसानच्या नावाने एपीके फाईल (मोबाईलवर ॲप बसवणारी) फिरते ती कोणी पाठवली तर उघडायची नाही, त्यातून खातं साफ होतं. घाबरलेला माणूस पटकन फसतो म्हणून सांगतोय. काही विचारायचं असेल तर योजनेची हेल्पलाईन १५५२६१, तिथेच.

निवृत्त महसुली
मी महसूल खात्यात बरीच वर्षं काढली, आता निवृत्त आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताई, पहिलं म्हणजे पत्र शेवटच्या ओळीपासून वाचू नका. आपल्याकडे सगळे तेच करतात, "वसूल करण्यात येईल" तिथे डोळे जातात आणि वरचं काही दिसतच नाही. वरून सुरुवात करा. डाव्या बाजूला जावक क्रमांक आणि तारीख असेल ती लिहून घ्या. मग विषय. मग संदर्भ, त्यात कुठल्या शासन निर्णयाच्या किंवा वरच्या कार्यालयाच्या पत्राच्या आधारे हे लिहिलंय ते असतं. मग कारण, तुमच्या बाबतीत आयकर. मग रक्कम आणि मुदत. मुदत पत्राच्या तारखेपासून आहे की मिळाल्यापासून हेही बघा, आणि पाकीट जपून ठेवा, त्यावर पोस्टाचा शिक्का असतो.

दुसरं, छापील मजकूर सगळ्यांना एकच जातो. तुमच्या वडिलांना कोणी बसून चोर ठरवलेलं नाही, हे त्यांना नीट समजावून सांगा. केंद्राकडे लाभार्थ्यांचा डेटा आणि आयकर खात्याचा डेटा जुळवून पाहतात, ज्यांची नावं दोन्हीकडे दिसली त्यांची यादी जिल्ह्याला येते, तिथून तालुक्याला, आणि तिथला क्लार्क रिकाम्या जागा भरतो. त्या क्लार्ककडे वडिलांचं रिटर्न नसतं, पासबुक नसतं, फक्त यादी असते. म्हणून यादीत चूक असली तर ती तिथपर्यंत तशीच येते आणि ती दाखवून देण्याचं काम आपल्याला करावं लागतं.

तिसरं, पैसे आत्ता भरू नका, पण मुदतीच्या आत लेखी खुलासा मात्र द्या. तोंडी सांगून आलं की काही उरत नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.

हिशेबनीस
बाबांनी कधी रिटर्न भरलं होतं का? एफडी आहे का? बँकेने व्याजातून टीडीएस (आधीच कापून घेतात तो कर) कापला होता का? ही तीन उत्तरं द्या, मग सांगतो.

खाडीकाठची
एफडी आहे. पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे मिळून ९ लाख बँकेत ठेवलेत. आत्ताच बाबांशी बोलले, त्यांना आठवतंय की एका वर्षी व्याजातून पैसे कापले होते म्हणून मुंबईच्या चुलतभावाने ते परत मिळवायला काहीतरी ऑनलाईन भरून दिलं होतं आणि पैसे परत आले होते. ते रिटर्न असेल का? बाकी त्यांना कंपनीच्या नोकरीची पेन्शन आहे, ईपीएसची (पीएफ खात्याकडून येते ती), महिना २,३०० रुपये.

हिशेबनीस
तेच असणार. बहुतेक सापडलं तुमचं कारण.

बघा, तेव्हा ज्येष्ठ नागरिकाला एका बँकेकडून वर्षाला ५०,००० च्या वर व्याज झालं की बँक १० टक्के टीडीएस कापायची (१ एप्रिल २०२५ पासून ती मर्यादा १ लाख झालीये). ९ लाखांवर ६ टक्के धरा, ५४,००० व्याज, म्हणजे ५,४०० कापले. फॉर्म १५एच (मला कर लागत नाही, टीडीएस कापू नका असं बँकेला लिहून देतात तो) दिला असता तर कापलेच नसते. आता बाबांचं वर्षाचं उत्पन्न बघा, व्याज ५४,००० आणि पेन्शन २७,६००, मिळून ८१,६००. साठीच्या वरच्या माणसाला जुन्या पद्धतीत ३ लाखापर्यंत करच नाही. आंब्याचं उत्पन्न शेतीचं, ते १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १०(१) खाली करमुक्त. म्हणजे कर शून्य, आणि कापलेले सगळे पैसे परत.

पीएम किसानच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये अपात्रतेचा मुद्दा आहे तो "गेल्या आकारणी वर्षात आयकर भरलेल्या व्यक्ती" असा. आकारणी वर्ष म्हणजे आधीच्या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नाचा कर ज्या वर्षी ठरतो ते. रिटर्न भरणं वेगळं आणि कर भरणं वेगळं. तुमच्या बाबांनी रिटर्न भरलं, कर भरला नाही. खुलाशाचा गाभा हाच ठेवा.

आयकराच्या वेबसाईटवर त्यांच्या पॅनने लॉगिन करा. मोबाईल नंबर चुलतभावाचा दिला असेल तर तो आधी गाठा नाहीतर ओटीपी तिकडे जाईल. तिथून त्या वर्षाची पोचपावती, २६एएस (पॅनवर कापलेल्या कराचा तक्ता), आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कलम १४३(१) ची सूचना डाऊनलोड करा. त्यात कर देय शून्य आणि परतावा किती हे आयकर खात्याने स्वतः लिहिलेलं असतं, ते कागद पुढे ठेवलं की वाद घालावा लागत नाही.

वाडीवरचा
मी वेगळं मत मांडतो, राग मानू नका. १६ हजार आहेत, एक लाख नाहीत. बाबा ७३ वर्षांचे, जेवत नाहीत, तब्येतीला काही झालं तर काय करणार. भरून टाका, पावती घ्या, विषय संपवा. सरकारी ऑफिसात फेऱ्या मारण्यात म्हाताऱ्या माणसाचा जीव जातो, आम्ही माझ्या वडिलांच्या वेळी दुसऱ्या एका प्रकरणात हे पाहिलंय, काम झालं पण ते दोन महिने झोपले नाहीत.

खाडीकाठची
राग नाही, मलाही पहिल्या दिवशी हेच वाटलं होतं. पण बाबांचं दुखणं पैशाचं नाहीये हो. आयुष्यभर दुकानाची उधारी महिनाअखेरीस चुकती करणारा माणूस, त्याला कागदावर कोणीतरी लिहून दिलंय की तू जे तुझं नव्हतं ते घेतलंस. आता पैसे भरले तर ते म्हणजे खरंच होतं असं त्यांच्या मनात कायमचं बसेल. आणि घेतलं नसेल तर भरायचं का?

निवृत्त महसुली
वाडीवरचा यांची काळजी योग्य आहे, पण एक गोष्ट लक्षात घ्या. भरलं की विषय संपेलच असं नाही. आयकरदाते म्हणून जो शिक्का नावापुढे लागलाय तो तसाच राहतो, पुढचे हप्ते बंद. शिवाय राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे वर्षाला ६,००० पीएम किसानच्या यादीवरूनच मिळतात, त्याचीही वसुली वेगळ्या पत्राने येऊ शकते. म्हणून मूळ कारण दुरुस्त करून घेणं गरजेचं.

मात्र अर्ज देण्याआधी बाकीच्या अटी प्रामाणिकपणे तपासा. पेन्शन महिना १०,००० किंवा जास्त असेल तर अपात्र, तुमची २,३०० आहे म्हणजे प्रश्न नाही. कुटुंबात म्हणजे नवरा, बायको, अज्ञान (१८ वर्षांखालची) मुलं मिळून एकालाच लाभ, तेव्हा आईच्या नावावर वेगळा हप्ता येत नाही ना बघा. जमीन १ फेब्रुवारी २०१९ च्या आधी नावावर होती का, नंतर झाली असेल तर फक्त वारसाने आलेली चालते. आपल्या कोकणात सातबारा सामाईक असतो, वीस-वीस नावं, तिथे फेरफाराची (नाव चढल्याच्या नोंदीची) तारीख बघावी लागते.

गुहागरकरीण
आमच्याकडे उलटं झालं होतं म्हणून लिहिते. माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक, पेन्शन १०,००० च्या खूप वर. शेतकऱ्यांसाठी आहे म्हणून कोणीतरी फॉर्म भरून दिला आणि हप्ते येत राहिले. पत्र आलं तेव्हा ते खरंच लागू होतं, आम्ही वाद घातला नाही. पण एकदम भरण्याइतके पैसे तेव्हा आईच्या ऑपरेशनमुळे नव्हते. वडिलांनी स्वतःच्या हाताने अर्ज लिहिला, मला नियम माहीत नव्हता, रक्कम मान्य आहे, तीन टप्प्यांत भरतो. साहेबांनी मान्य केलं. दर वेळी पावती घेतली.

मला सांगायचंय ते हे की तो अर्ज त्यांनीच लिहिला. आम्ही भावंडं सगळं हातात घेऊन टाकणार होतो, ते म्हणाले माझं पत्र आहे, उत्तर मी देणार. अर्ज लिहून झाल्यावर बऱ्याच दिवसांनी त्यांनी दुपारी पेपर वाचायला घेतला. ताई, तुम्ही शनिवारी गेलात की पत्र स्वतःकडे घेऊ नका. त्यांच्याच हातात राहू दे, चष्मा लावू दे, एकेक ओळ त्यांनाच वाचू दे आणि तुम्ही फक्त शेजारी बसून विचारा की बाबा हा आकडा कुठून आला असेल.

तळकोकणातला
+१. आणि पासबुक काढा. पत्रात ८ हप्ते लिहिलेत ना, मोजा ८ आलेत का. १२ वा १७ ऑक्टोबर २०२२ ला सुटला होता, १३ वा २७ फेब्रुवारी २०२३, १४ वा २७ जुलै २०२३, १५ वा १५ नोव्हेंबर २०२३, १६ वा २८ फेब्रुवारी २०२४, १७ वा १८ जून २०२४, १८ वा ५ ऑक्टोबर २०२४ आणि १९ वा २४ फेब्रुवारी २०२५. खात्यात एकदोन दिवस मागेपुढे दिसेल. पीएम किसानच्या वेबसाईटवर नोंदणी क्रमांक टाकून पण दिसतं, कुठल्या हप्त्याचं काय झालं ते.

अलिबागची सून
वाचतेय. सासूबाईंना श्रावणबाळ योजनेचे महिना १,५०० मिळतात, त्यांना हयातीच्या दाखल्याचं पत्र आलं होतं तर त्यांनाही हेच वाटलं की मागचे सगळे पैसे परत मागतायत. नीट वाचलं तर फक्त दाखला द्या नाहीतर पुढचं अनुदान थांबेल एवढंच होतं. सगळी पत्रं एकाच भाषेत लिहितात, वसुलीचं आणि आठवणीचं सारखंच वाटतं, म्हाताऱ्या माणसांनी काय करायचं? आपल्याला ह्याचा खरंच राग यायला हवा. साध्या मराठीत चार ओळी लिहायला काय हरकत आहे.

खाडीकाठची
मंडळी, गावी आलेय. मोठं लिहिते, सांभाळून घ्या.

गुहागरकरीण ताईंनी सांगितलं तसंच केलं. ओटीवर बसलो, पत्र बाबांच्या हातात, मी पेन्सिल आणि वही घेऊन. जावक क्रमांक त्यांनी स्वतः वाचून दाखवला. रकमेपाशी आल्यावर मी म्हणलं थांबा, आपण पासबुक बघू. आई ट्रंकेतून पासबुकं घेऊन आली. एकेक हप्ता बाबा बोटाने शोधत होते आणि मी वहीत टिक करत होते. सातच सापडले. फेब्रुवारी २०२३ चा नव्हता. बाबांचा चेहरा एकदम खुलला, म्हणाले बघ, हे लोक जास्तीचे मागतायत. मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण आई म्हणाली मुंबईच्या बँकेचं पुस्तक राहिलं बघायचं, पेन्शन येते ते. त्यात सापडला. तेव्हा केवायसीच्या वेळी आधार त्या खात्याला जोडलं गेलं होतं आणि एक हप्ता तिकडे गेला, नंतर परत गावच्या बँकेत. म्हणजे आठ बरोबर आहेत. बाबांनी स्वतःच वहीत लिहिलं, ८ हप्ते, मान्य.

हे बरं झालं कारण त्यानंतर ते माझं पुढचं ऐकायला तयार झाले. मग चुलतभावाला फोन लावला, ओटीपी घेतला, आयकराची साईट उघडली. नेट सारखं जात होतं, शेवटी मागच्या परड्यात फणसाखाली रेंज येते तिथे खुर्ची नेऊन बसलो. १४३(१) ची सूचना निघाली, २०२२-२३ आकारणी वर्षाची. टीडीएस ५,४००, देय कर शून्य, परतावा सगळा. ते इंग्रजीतलं पान मी बाबांना आकड्याआकड्याने वाचून दाखवलं. त्या शून्यावर त्यांनी बोट ठेवलं आणि विचारलं हे कोणी लिहिलंय, मी म्हणलं आयकर खात्याने. म्हणजे सरकारनेच? हो, सरकारनेच. मग म्हणाले, "तर मग एका हापिसान लिवलेला दुसऱ्या हापिसाक ठावक नाय, एवढाच मा?" रात्री दोन भाकऱ्या खाल्ल्या.

पुढच्या वर्षांपासून बाबा १५एच देतात, त्यानंतर रिटर्न नाही, टीडीएस नाही. हिशेबनीस दादा, मग हाही मुद्दा घालायचा ना?

हिशेबनीस
नक्की घाला, वेगळा परिच्छेद करून. मुद्दा एक, २०२२-२३ आकारणी वर्षात देय कर शून्य होता, सोबत सूचना जोडली आहे. मुद्दा दोन, त्यानंतरच्या वर्षांत कुठलाही कर किंवा टीडीएस नाही, २६एएस जोडले आहेत. नियमात "गेल्या आकारणी वर्षात" असं आहे, त्यामुळे एका जुन्या वर्षावरून पुढचे सगळे हप्ते अपात्र कसे धरले याचा खुलासा मिळावा अशी विनंती करा. भाषा नम्र ठेवा. "चुकीचे पत्र पाठवले" असं लिहू नका, "नोंदीची पडताळणी होऊन नाव अपात्र यादीतून कमी करावे व तोपर्यंत वसुली स्थगित ठेवावी" असं लिहा.

निवृत्त महसुली
सहमत. वर तहसीलदारांचं पदनाम, प्रत तालुका कृषी अधिकारी आणि जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी यांना. विषयात त्यांच्या पत्राचा जावक क्रमांक व तारीख टाका म्हणजे फाईल सापडते. सही बाबांची. तुम्ही बोलणार असाल तर बाबांचं साध्या कागदावरचं प्राधिकारपत्र जवळ ठेवा. कोणी तोंडी म्हणालं की माझ्या नंबरवर पाठवा मी भरतो, तर एक रुपया द्यायचा नाही. जेव्हा केव्हा भरायची वेळ आलीच तर चलन किंवा पीएम किसानच्या वेबसाईटवरचा पैसे परत करण्याचा पर्याय, आणि पावती.

वाडीवरचा
ताई मी आधी भरून टाका म्हणलो होतो, पण तुमचं वाचून बरं वाटलं. बाबांना नमस्कार सांगा. ऑफिसात जाताना त्यांना घेऊन जाणार की तुम्ही एकट्या?

खाडीकाठची
त्यांना घेऊन गेले, ते मागे राहायला तयारच नव्हते. इस्त्रीचा शर्ट, पिशवीत कागद. अर्ज त्यांच्या अक्षरात, मी फक्त मुद्दे सांगितले. खिडकीवरच्या मुलाने अर्ज वाचला, १४३(१) चं पान दोनदा पाहिलं आणि आत घेऊन गेला. नायब तहसीलदारांनी बाबांना खुर्ची दिली, म्हणाले काका अशी अजून प्रकरणं आलीत, आम्ही पडताळणीसाठी वर पाठवतो, निर्णय येईपर्यंत पुढची कारवाई करत नाही. मी विचारलं हे लेखी मिळेल का, तर म्हणाले अर्जावर शेरा मारतो. मारला, सही केली. आमच्या प्रतीवर आवकचा शिक्का आहे.

निकाल काय लागतो ते अजून माहीत नाही. बाबांनी बसस्टँडवर मला विचारलं, वर पाठवल्यावर जर ते म्हणाले भरा तर? मी म्हणलं तर कारण लेखी मागू, पटलं तर भरू, तुमच्याच हाताने. ते म्हणाले चालेल. मग तिथेच दोन-तीन ओळखीचे भेटले त्यांना आपणहून सांगत होते की मला पत्र आलंय, तुम्हाला आलंय काय, आलं असेल तर पासबुक घेऊन घरी या.

तळकोकणातला
जबरदस्त!! ताई अर्जासोबत नक्की काय काय जोडलं ते एकदा लिहा ना, काकांसाठी हवंय. त्यांचं पण एफडीचंच प्रकरण वाटतंय.

खाडीकाठची
पत्राची झेरॉक्स, पाकिटाची झेरॉक्स (शिक्क्याच्या बाजूने), आधार, सातबारा आणि ८अ, रिटर्नची पोचपावती, १४३(१) ची सूचना, त्या वर्षापासून आतापर्यंतचे २६एएस, दोन्ही बँकांच्या पासबुकातली हप्त्यांची पानं, ईपीएस पेन्शनची नोंद दिसते ते पान, आणि साध्या कागदावर स्वयंघोषणापत्र. १४३(१) इंग्रजीत असतं म्हणून आम्ही कर आणि परताव्याच्या आकड्यांना पेन्सिलने गोल करून बाजूला मराठीत लिहिलं होतं, त्याचा खिडकीवर खूप उपयोग झाला. काकांचा मोबाईल आयकराच्या साईटला जोडलेला नसेल तर ते काम आधी करा, त्यातच सगळ्यात जास्त वेळ जातो. अडलं तर मला इथेच विचारा, मी रविवारपर्यंत गावी आहे.